फाइल पाठवायचे पैसे

दर वर्षी जुलैच्या मध्याला, दिवाळी अंकांची कामे माझ्या टेबलावर यायला लागतात नेमक्या त्याच सुमारास, बँकेचा एक संदेश मोबाइलवर येतो की उद्या तुमच्या खात्यातून १,३०० रुपये वळते होणार आहेत. अशी आपोआप जाणारी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तो फार उपयोगाचा वाटतो, कारण त्या एका दिवसात मी दर वर्षी स्वतःला विचारून घेते की हे पैसे भरायचे की नाही. गूगल वनवरील १०० जीबी ऑनलाइन जागेची ही वर्गणी आहे. यंदा हा प्रश्न जरा जास्त दिवस मनात राहिला, कारण माझ्याबरोबर नव्याने काम करू लागलेल्या एका चित्रकार मुलीने मला तोच विचारला, “ताई, फाइल पाठवायला इतकी फुकट ॲप्स असताना तुम्ही पैसे का भरता?” तिला मी उभ्या उभ्या दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मी नारायण पेठेत अक्षरजुळणी आणि मांडणीचे काम करते. लेखकांकडून मजकूर येतो, चित्रकारांकडून चित्रे येतात, मुद्रितशोधकांकडे प्रुफे जातात आणि शेवटी छापखान्याकडे छपाईची पीडीएफ जाते. मजकुराच्या फाइली लहान असतात. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतची फाइल जोडून पाठवता येते आणि तेवढे त्यांना पुरते. अडचण असते ती चित्रांची. दोनशे पानांच्या सचित्र अंकाची छपाईची पीडीएफ माझ्याकडे आठशे-नऊशे एमबीपर्यंत जाते, आणि चित्रे, फॉन्ट व मांडणी यांसह सगळे फोल्डर, ज्याला आमच्या धंद्यात ‘ओपन फाइल’ म्हणतात, ते सहा-सात जीबीचे होते. हंगामात अशी सात-आठ कामे एकाच वेळी चालू असतात. म्हणजे फाइल पाठवणे हा माझ्यासाठी कामाच्या शेवटी येणारा किरकोळ भाग नाही. दिवसातला तासभर तरी त्यातच जातो.

काही वर्षांपूर्वी एका अंकाच्या मुखपृष्ठाचे चित्र मला मोबाइलवरच्या संदेशांच्या ॲपवरून आले. चित्रकाराने ते साध्या फोटोसारखे पाठवले होते आणि मीही ते तसेच उतरवून पानावर लावले. पडद्यावर ते उत्तम दिसत होते. धायरीच्या छापखान्यात चार रंगांच्या चार प्लेट निघाल्या, मशीनवरून पहिले ताव बाहेर आले, आणि तिथल्या फोरमननी भिंग लावून पाहिल्यावर मला फोन केला, “ताई, मुखपृष्ठ फुटतंय.” मी तिथे जाऊन पाहिले तेव्हा चित्रातल्या बाईच्या गालाच्या कडेला बारीक पायऱ्या पडलेल्या होत्या आणि साडीच्या काठावरची बुट्टी नुसता ठिपका होऊन बसली होती. घरी येऊन मी हिशेब केला. साडेनऊ इंच उंचीच्या पानाला इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या मापाने २,८५० बिंदू हवे होते आणि माझ्या हाती आलेल्या चित्रात उंचीला फक्त १,६०० होते, म्हणजे इंचाला १६८. चित्रकाराकडची मूळ फाइल व्यवस्थित होती. ती वाटेत लहान झाली होती. चारही प्लेट वाया गेल्या आणि त्यांचे पैसे मी भरले.

त्या प्रसंगानंतर मला वाटू लागले होते की फुकटच्या मार्गांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. आता तसे वाटत नाही. चूक आमची होती: चित्र फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले असते तर ते जसेच्या तसे पोहोचले असते. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये अशा डॉक्युमेंटची मर्यादा १०० एमबीवरून २ जीबीपर्यंत नेली आणि टेलिग्रामवरही फुकटच्या खात्यातून २ जीबीची फाइल जाते. आज माझ्याकडे येणारी निम्म्याहून अधिक चित्रे याच वाटेने येतात आणि त्यासाठी कोणीही एक रुपया भरत नाही. त्या नव्या मुलीला मी पहिली गोष्ट शिकवली ती हीच, आणि दुसरी ही की फाइल उतरवल्यावर तिचा आकार पाठवणाऱ्याला विचारून जुळवून पाहायचा. साठ एमबीची फाइल चारशे केबीची होऊन आली तर ती चुकीच्या दाराने आली आहे, हे उघडण्याआधीच कळते.

फुकट की विकतचे, या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, असे माझे मत आहे. पाठवणाऱ्याच्या हातून सुटल्यापासून घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत फाइल कोणाच्या यंत्रावर थांबते? मी शिकायला पुण्यात आले तेव्हा आई गावाहून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती डबा पाठवत असे. गाडी स्वारगेटला लागायच्या वेळी मी तिथे हजर असले की डबा मिळायचा. मी हजर नसले तर तो सांभाळून ठेवणे हे काही कंडक्टरचे काम नव्हते. डबा कोणी सांभाळून ठेवायचा असेल तर त्याला जागा लागते आणि जागेचे भाडे लागते. फाइलींचेही असेच दोन प्रकार पडतात आणि दोन्हींचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो.

पहिला प्रकार म्हणजे दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असून फाइल सरळ एकीकडून दुसरीकडे जाते. माझ्या मोबाइलमधून माझ्या संगणकावर किंवा शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर फाइल न्यायची तर ती आमच्याच खोलीतल्या वायफायवरून जाते. तिला परदेशातल्या कोणत्याही सर्व्हरवर जाऊन यावे लागत नाही, आणि म्हणून तिच्यापोटी कोणाचाही चालू खर्च होत नाही. मी काही वर्षांपूर्वी एवढ्याच कामासाठी एक सशुल्क ॲप वर्षभर वापरले. ते वाईट नव्हते, पण नूतनीकरणाच्या वेळी मी लोकलसेंड हे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याची आतली बांधणी कोणालाही उघडून पाहता येते असे, ॲप लावून पाहिले आणि दोन्हींच्या कामात मला काहीच फरक आढळला नाही. लोकलसेंड विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या सगळ्यांवर चालते, खाते उघडावे लागत नाही, इंटरनेट बंद असले तरी चालते आणि फाइल वाटेत कूटबद्ध केलेली असते, म्हणजे मधल्या कोणाला ती वाचता येत नाही. सात जीबीची ओपन फाइल आमच्या वायफायवर सेकंदाला २०० मेगाबिटच्या वेगाने पाच मिनिटांच्या आत पोहोचते. फक्त दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असावी लागतात आणि विंडोजच्या फायरवॉलने परवानगी मागितली की ती द्यावी लागते. नाहीतर समोरचा संगणक यादीत दिसतच नाही आणि माणूस ॲपला दोष देत बसतो. काही ठिकाणी पाहुण्यांसाठीच्या वायफायवर यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेले असते, तिथेही हे चालत नाही. फोनमध्ये आधीपासून असलेल्या सोयीही आता चांगल्या झाल्या आहेत: अँड्रॉइडचे २०२० मध्ये आलेले निअरबाय शेअर २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळून त्याच नावाने चालू राहिले आणि त्याची विंडोजवरची आवृत्तीही मिळते.

तेव्हा या पहिल्या प्रकारासाठी पैसे भरू नयेत, असे मी कोणालाही निःशंकपणे सांगते. मात्र फुकट मिळते म्हणून वाटेल ते ॲपही घेऊ नये. शेअरइट आणि झेंडर एके काळी जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असत, कारण महागडा डेटा न जाळता गाणी-चित्रे देता-घेता येत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली तेव्हा ही दोन्ही त्यांत होती. फुकटचे ॲप निवडताना मी एवढेच पाहते की त्याचा स्रोत खुला आहे का किंवा ते फोन बनवणाऱ्यांचेच आहे का, आणि फाइल पाठवण्यासाठी ते माझ्या संपर्कांची यादी तर मागत नाही ना.

दुसरा प्रकार सांभाळायच्या डब्याचा. मी रात्री अकराला पीडीएफ चढवते आणि छापखान्यातली मंडळी ती सकाळी साडेनऊला उतरवतात, तोपर्यंत माझा संगणक बंद असतो. मधले साडेदहा तास ती फाइल कोणाच्या तरी डिस्कवर, कोणाच्या तरी विजेवर पडून असते. हे काम कायम फुकट करणे कोणालाच परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि फायरफॉक्स सेंडची कहाणी त्याला पुरेशी साक्ष आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने मार्च २०१९ मध्ये फाइल पाठवायची ही फुकट सेवा सर्वांसाठी सुरू केली. फाइल पाठवणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये कूटबद्ध होत असे, ती उलगडायची किल्ली लिंकच्या शेवटच्या भागात असे आणि ती मोझिलाकडेही जात नसे. मला ती मनापासून आवडली होती. पण दुर्जनांनीही तिचा उपयोग घातक प्रणाली (मालवेअर) पसरवण्यासाठी सुरू केला, जुलै २०२० मध्ये ती थांबवावी लागली आणि सप्टेंबरमध्ये कायमची बंद झाली. हेतू चांगला असून आणि बांधणी उत्तम असूनही ती दीड वर्षांच्या आसपासच टिकली.

ज्या सेवा टिकतात त्यांच्या अटी बदलतात. वीट्रान्सफर ही २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेली सेवा आमच्या क्षेत्रात कितीतरी वर्षे ओळखीची होती, कारण घेणाऱ्याला खाते लागत नसे आणि एका वेळी २ जीबी फुकट जात. ती २०२४ मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फुकटच्या खात्याला महिन्याला एकूण ३ जीबी आणि दहाच पाठवण्या अशी मर्यादा आली. त्याआधी, मे २०२० मध्ये, दूरसंचार विभागाच्या आदेशावरून ही सेवा भारतात अडवली गेली होती. यात मी कंपनीला बोल लावत नाही, जागा त्यांची आहे. पण ज्याचे काम तारखेला बांधलेले आहे त्याने फुकटच्या एकाच वाटेवर सगळा भार ठेवू नये, हे मी त्यातून घेतले.

माझी स्वतःची फजिती दुसऱ्याच एका सेवेबाबत झाली आणि ती मी मुद्दाम सांगते, कारण पैसे भरायला लागण्याचे खरे कारण तेच आहे. अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी एका अंकाचे पहिले चार फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे चार गट, तयार करून फुकटच्या लिंकवर चढवले आणि छापखान्याला कळवले. दुसऱ्या दिवशी विसर्जन. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, आमच्या पेठेतले रस्ते बंदच असतात आणि छापखान्यातले निम्मे लोक ढोलपथकात. सगळे कामावर परतायला चौथा दिवस उजाडला. मी तोपर्यंत सोलापूरला मावशीकडे गेले होते. सकाळी दहाला फोरमनचा फोन आला, “ताई, लिंक उघडत नाहीये, मुदत संपली असं लिहून येतंय.” मुदतीचा नियम त्या पानावर स्पष्ट लिहिलेला होता, मी तो वाचला नव्हता. फाइल होती ती नारायण पेठेतल्या बंद संगणकात आणि खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये, सोलापुरात. संध्याकाळच्या गाडीने परत येऊन रात्री मी पेनड्राइव्ह घेऊन सिंहगड रस्त्याने धायरीला गेले, तोवर आमची पाळी गेली होती आणि मशीनवर दुसऱ्या कोणाचे तरी काम चढले होते. अंक पाच दिवस मागे पडला. संपादकांनी मला शब्दाने दुखावले नाही, पण जाहिरातदारांना त्यांना जे सांगावे लागले ते माझ्यामुळे सांगावे लागले.

त्या दिवसानंतर मी फाइल अशा ठिकाणी ठेवायचे ठरवले, जिथून ती मी स्वतः काढेपर्यंत हलणार नाही. यासाठीही सुरुवातीला पैसे लागत नाहीत हे सांगायला हवे. गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी फुकट मिळतात आणि त्यातल्या गूगल ड्राइव्हवरच्या लिंकला आपोआप संपणारी मुदत नसते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवली तरी लिंक तीच राहते. शेवटच्या क्षणी पान ७२ वरची चूक सापडली तर मी दुरुस्त पीडीएफ त्याच जागी ठेवते आणि छापखान्याकडे दोन वेगवेगळ्या लिंका जाऊन जुनीच छापली जाण्याची भीती राहत नाही. जुनी आवृत्ती ३० दिवस मागे राहते, म्हणजे माझ्याच हातून काही बिघडले तर परत फिरता येते.

मग १,३०० रुपये कशाचे? केवळ जागेचे, आणि तेही हंगामातल्या चार महिन्यांचे. ते १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि गूगल फोटो या तिघांत वाटलेले असतात. १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जाऊ लागले आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांचे खाते लवकर भरू लागले. खाते भरले की फाइल चढत नाही एवढ्यावर ते थांबत नाही. मेलही येणे बंद होते. सप्टेंबरमध्ये लेखकांचे मजकूर माझ्यापर्यंत न पोहोचता परत जाऊ लागले तर ते नुकसान मी कशाने भरून काढणार? वर्षाला मी पंचवीस-सव्वीस कामे करते, म्हणजे एका कामामागे पन्नास रुपये पडतात. धायरीची एक फेरी पेट्रोल आणि वेळ धरून त्याहून महाग पडते. हा हिशेब माझ्या कामाचा आहे. ज्याला वर्षातून दोनदा लग्नाचे फोटो नातेवाइकांना पाठवायचे आहेत त्याने तो लावला तर भरायचे कारण उरणार नाही.

पैसे भरल्याने काय मिळत नाही, तेही सांगितले पाहिजे, कारण लोक नेमके तिथे फसतात. वर्गणी भरली म्हणजे फाइल गुप्त झाली असे नसते. नेहमीच्या साठवण सेवांत किल्ली सेवा देणाऱ्याकडेच असते, खाते फुकटचे असो वा विकतचे. एखाद्या लेखकाचे अप्रकाशित आत्मचरित्र किंवा कोणाची कागदपत्रे पाठवायची असतील तेव्हा मी ती सेव्हन-झिप या फुकटच्या प्रणालीने परवलीचा शब्द लावून बांधते आणि तो शब्द फोनवर तोंडी सांगते. दुसरे, ऑनलाइन जागा म्हणजे राखीव प्रत नव्हे. माझ्या संगणकावरून चुकून पुसलेले फोल्डर संगणकाशी आपोआप जुळवून ठेवलेल्या ऑनलाइन जागेतूनही पुसले जाते, आणि कचरापेटीत ते ३० दिवसच राहते. म्हणून दर शनिवारी मी सगळी चालू कामे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते. ती डिस्क एकदाच विकत घेतली आणि ती कुठलीच वर्गणी मागत नाही. तिसरे, वर्गणी थांबवली तर पुढे काय होते हे भरण्याआधी वाचून घ्यावे. गूगलच्या नियमानुसार मर्यादेच्या वर गेलेले खाते दोन वर्षे तसेच राहिले तर त्यातला मजकूर पुसला जाऊ शकतो. जिथे हे पानावर सरळ लिहिलेले सापडत नाही तिथे मी पैसे भरत नाही.

छापखान्याच्या बाजूनेही थोडे पाहावे लागते, आणि याकडे पाठवणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. लिंक देताना ‘ज्याच्याकडे लिंक आहे त्याला पाहता येईल’ अशी परवानगी दिलेली नसेल तर तिकडे परवानगी मागण्याचे पान उघडते. फोरमन बटण दाबतात, मेल मला येते आणि मी झोपलेली असते. शंभर एमबीहून मोठी फाइल उतरवताना विषाणूंची तपासणी करता येत नाही अशी सूचना येते. नवख्या माणसाला ती धोक्याची घंटा वाटते, म्हणून ती येणार आहे हे मी आधीच सांगून ठेवते. मोठे फोल्डर उतरवायला घेतले तर त्याचे दोन-दोन जीबीचे झिप तुकडे होतात आणि त्यातला एखादा राहून गेला तर अर्धे फॉन्ट गायब होतात. त्यामुळे छापखान्याला मी कधीही फोल्डर पाठवत नाही, एकच पीडीएफ पाठवते, आणि सोबत तिचा आकार व पानांची संख्या लिहिते.

वेगाबद्दल एकच सांगते. विकतच्या ॲपच्या जाहिरातीत वेग ठळक लिहिलेला असतो, पण चढवायचा वेग आपल्या जोडणीचा असतो. माझ्या फायबरवर ४० मेगाबिटने सात जीबी चढायला पंचवीस मिनिटे लागतात आणि पावसाळ्यात लाइन गेल्यावर मोबाइलच्या ५ मेगाबिटवर तेच काम तीन तासांवर जाते. त्यात कोणतेही ॲप बदल करू शकत नाही. फरक पडतो तो मध्येच तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून चढते की तुटल्या जागेपासून, याने. आणि संगणकावर बसवलेल्या चांगल्या ॲपमध्ये ही सोय फुकटच्या खात्यालाही असते.

यंदाचे पैसे मी जाऊ दिले. चालू असलेल्या आणखी दोन वर्गण्या मात्र बंद केल्या, कारण त्या कशासाठी घेतल्या होत्या हे मला स्वतःलाच सांगता येईना. त्या चित्रकार मुलीला मी पैसे भरायला सांगितलेले नाही. तिने साताऱ्याहून आपल्या फुकटच्या खात्यातून माझ्या फोल्डरमध्ये चित्रे चढवायची, मी ती उतरवून आकार जुळवायचा आणि मग तिने तिच्याकडची जागा मोकळी करायची, अशी आमची पद्धत ठरली आहे. परवा रात्री तिने पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ चढवले आणि खाली लिहिले, “ताई, २१४ एमबी.” माझ्याकडेही २१४ च भरले. मी ते पानावर लावून पीडीएफ केली, लिंक धायरीला पाठवली, आणि सकाळी दहाच्या आत फोरमनचा संदेश आला, “उतरली. प्लेटला लावतोय.”